पक्कं लावलेलं दार

धाकटीनं बाळ आत आणलं ते कपड्यांच्या पिशवीतून. पिशवीची चेन अर्धी उघडी, वर एक टॉवेल टाकलेला. फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं, "काय आहे गं एवढं?" तर ही म्हणाली, "पांघरुणं." आणि बाळही असं गुणी, की सगळं अंगण ओलांडून, जिना चढून, खोलीचं दार बंद होईपर्यंत त्यानं हूं की चूं केलं नाही. दार बंद झाल्यावर मात्र असा टाहो फोडला, की पलंगांवर लवंडलेल्या बायका धडपडून उठून बसल्या.

"अगं बाई, पांघरूण रडतंय!" रेडिओ म्हणाली.

रेडिओ ही त्या खोलीतलीच एक. तिला बंद करायचं बटण नव्हतं, म्हणून रेडिओ. खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असेल, खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणाचं अडलंही नव्हतं.

कारखाना गोठवलेल्या भाज्यांचा होता. मका, गाजर, फरसबी, आणि मुख्य म्हणजे वाटाणे. थंडगार हॉलमध्ये पट्ट्यावरून वाटाणे वाहत यायचे, बायकांनी त्यातले पिवळे, फुटके, किडके वेचायचे आणि उरलेले पुड्यांत भरले जायचे. कारखान्याच्या मागच्या बाजूला बायकांच्या राहण्याच्या खोल्या. एका खोलीत आठ जणी, पलंगावर पलंग असे चार जोड, एक खिडकी, एक बेसिन, एक तारेचा हीटर. आणि दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा फलक. त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं: लहान मुलं आणू नयेत, मुलांमुळे आजार पसरतात.

कोणी कोणाला आजार दिला ते पुढे येईलच. फलक लिहिणाऱ्याला काय जातंय!

धाकटीला ही चोरी करायची हौस नव्हती. नवरा रस्त्याच्या कामावर, आज या तंबूत तर उद्या त्या. बाळ सासूजवळ ठेवून परतायचं असं ठरलं होतं, तर सासूबाई नेमक्या पायरीवरून घसरल्या आणि पाय मोडून घेऊन बसल्या. रजा वाढवून मिळावी म्हणून धाकटीनं अर्ज केला. साहेबांनी त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. वाटाण्याच्याच कारखान्यात दुसरं काय मिळणार, असं रेडिओ म्हणाली आणि धाकटी रडता रडता हसली. कामावर हजर झाली नाही तर जागा जाणार होती. जागा गेली तर राहायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न होता.

खोलीत तिची थोरली बहीण होती. तिला सगळे पक्की म्हणत. ती कारखान्यात दारं बघायची. शीतगृहाच्या त्या जाडजूड दारांना चहूबाजूंनी रबराची पट्टी असते. पट्टी जुनी झाली, की फटीतून गारवा निसटतो आणि आतला माल खराब होतो. पट्टी बदलणं, बिजागरी कसणं हे पक्कीचं काम. दिवसभर तिच्या तोंडी एकच, "दार पक्कं लाव!" साहेब असो नाहीतर झाडूवाली, कोणालाही ती हेच सांगायची. जेवायला बसली तरी मागे एखादं दार उघडं आहे असं वाटून तिची मान वळायची.

खोलीतल्या सगळ्या पक्कीकडे बघायला लागल्या. तिनं बाळाला पिशवीतून उचललं. बाळानं तिचं बोट धरलं, आणि प्रश्न तिथेच मिटला.

"राहील इथेच," पक्की म्हणाली. "पाळ्या दोन आहेत. कोणी ना कोणी खोलीत असतंच. प्रश्न फक्त आवाजाचा."

आवाजाचा प्रश्न तिनं आपल्या पद्धतीनं सोडवला. शीतगृहाच्या दारांची उतरवलेली रबरी पट्टी भंगारात पडलेली असे. त्यातली बरी बघून तिनं खोलीच्या दाराला चारी बाजूंनी बसवली. खिडकीची फट चिकटपट्टीनं बंद केली, वर जाड पडदा. मग कारखान्यात करायची तीच परीक्षा घेतली. दारात कागदाचा तुकडा धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. कागद सरकला तर दार नापास. पक्कीनं दाराच्या चारही बाजूंना कागद लावून ओढला. तो फाटला, पण सरकला नाही.

"बघ," ती धाकटीला म्हणाली. "आता हिनं कितीही भोंगा लावू दे. आणि थंडीही आत येणार नाही. फुलासारखी राहील."

खोली खरंच ऊबदार झाली. दिवसभर गोठलेल्या वाटाण्यांवर बोटं बधिर करून आलेल्या बायकांना दुसरं काय हवं? कोणी म्हणेल, बायांनो, एवढी कोंदट खोली, जरा खिडकी उघडा. म्हणणाऱ्यानं आधी आठ तास त्या हॉलमध्ये उभं राहून दाखवावं, मग बोलावं. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ, हीटरची धग आणि आठ जणींचे श्वास, सगळं मिळून भिंतींना घाम फुटायचा. पक्की फडक्यानं तो पुसायची आणि समाधानानं म्हणायची, "एक कण बाहेर जात नाही."

बाळाचं नाव अजून ठेवायचं होतं. तोवर खोलीनं तिला वाटाणी म्हणायला सुरुवात केली. वाटाणीला एक आई होती आणि सात मावश्या. सख्खी एकच, पण हक्क सगळ्यांचा सारखा. पाळी संपली, की जिना चढण्याची शर्यत लागायची. हॉलमध्ये वाटाण्यांवर शिंक पडू नये म्हणून सगळ्यांच्या तोंडाला मास्क असायचा. खोलीत आल्या, की मास्क खुंटीला आणि तोंड बाळाच्या गालाला. वाटाण्यांची जेवढी काळजी घेतली तेवढी वाटाणीची नाही घेतली, असं आता म्हणता येतं. पण तेव्हा तिला जवळ घेणं हीच काळजी वाटत होती. कोणाचं स्वतःचं मूल दूर गावी वाढत होतं, कोणाचं झालंच नव्हतं, कोणाचं मोठं होऊन विचारेनासं झालं होतं. पक्कीचा संसार सुरू होण्याआधीच मोडला होता. त्या कोवळ्या मानेचा वास घेतला, की तिला दिवसभराच्या गारठ्याचा विसर पडायचा.

हॉलच्या दारावर रोज सकाळी एक तपासनीस उभा असायचा. हातात फळी, कानावर पेन्सिल.

"सर्दी, ताप, जुलाब?"

"नाही, नाही, नाही."

रांगेतली प्रत्येक बाई हे असं एका दमात म्हणायची, त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. 'आहे' म्हटलं, की परत पाठवत आणि त्या दिवसाची हजेरी जाई. म्हणून नाक लाल असो, डोळे गळत असोत, उत्तर ठरलेलं. इतकं ठरलेलं, की त्याला कोणी खोटं म्हणत नव्हतं. नमस्काराला नमस्कार म्हणावं तसं ते होतं. तपासनीसही मान वर करून बघायचा नाही. त्यालाही पट्टा चालू ठेवायचा होता.

सर्दी आधी रेडिओला झाली. शेजारच्या खोलीतल्या कोणाकडून तरी आली असणार, पण रेडिओ म्हणाली, "केस ओले ठेवून झोपले ना, त्यानं." दोन दिवस तिचा आवाज बसला. रेडिओची बॅटरी गेली म्हणून सगळ्या खूश झाल्या. तिच्या वरच्या पलंगावरची मग शिंकू लागली. मग समोरच्या दोघी. बेसिनपाशी टांगलेला टॉवेल सगळ्यांचा एकच, त्याला नाक पुसलं नाही असं शपथेवर कोणी सांगू शकलं नसतं. हीटरभोवती सगळ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, खोकायच्या, गप्पा मारायच्या. वाफ घेतली तीही एका पातेल्यावर, एका चादरीखाली दोन दोन डोकी घालून.

"दार लाव गं पक्कं," चादरीखालून आवाज यायचा. "वाफेत बसलोय, वारं लागेल."

पक्की तर तक्रार न करता सगळं करायची, शिंकताना सुद्धा. तिला सर्दी झाली तेव्हा ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शिंक आली तशी तिनं तोंडावर हात धरला, आणि त्याच हातानं बाळाचं टोपडं सारखं केलं. तिच्या मनात काही आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

"साधी आहे," ती म्हणाली.

आणि साधीच होती. मोठ्या माणसाला ती साधीच असते. चार दिवस डोकं जड, नाकाला धार, मग सगळं पूर्ववत.

वाटाणीचं नाक वाहायला लागलं तेव्हा धाकटी घाबरली. बाकीच्यांनी तिला समजावलं. लहान मुलांना सर्दी होतेच, त्यानं मूल घट्ट होतं, माझ्या भावाचं तर बारा महिने वाहायचं. पक्कीनं खिडकीच्या चिकटपट्टीवर आणखी एक चिकटपट्टी लावली. बाळाला दोन टोपडी घातली. दिवसा एक रात्री एक अशा पाळीनं मावश्या तिला छातीशी धरून बसायला लागल्या. खोकणाऱ्या छातीशी.

मग बाळ शांत झालं.

रडणं कमी झालं, मग थांबलंच. कुशीत घातलं, की पडून राहायचं. आजवर बाळ रडायला लागलं, की खोलीत धावपळ व्हायची. कोणी नळ सोडायचं, कोणी भांडी आपटायचं, रेडिओ गाणं म्हणायची. आता काहीच करावं लागेना.

"शहाणी झाली हो आपली वाटाणी," रेडिओ म्हणाली. "कळायला लागलं तिला, इथे आवाज करायचा नसतो."

सगळ्यांना हायसं वाटलं. वाईट वाटतं सांगायला, पण वाटलं. मुलाच्या रडण्याचीच धास्ती घेऊन ज्या बायका राहत होत्या, त्यांना ते गप्प झाल्यावर देव पावल्यासारखं झालं. दुसऱ्या कुठल्याही घरात मूल असं गप्प पडलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडलं असतं.

फक्त धाकटीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"ताई, ही पीत नाही. तोंडात घेते आणि सोडून देते. दमल्यासारखी."

"नाक चोंदलंय ना, म्हणून. झोपू दे तिला."

"तिचं पोट बघ ना कसं उडतंय."

पक्कीनं बघितलं. पोट भराभर वर-खाली होत होतं. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणूनच ती रागावली. "मग काय करू या? दवाखान्यात जायचं तर फाटकातून जावं लागेल. पिशवीत घालून नेणार आजारी पोर? एकदा बाहेर काढलीस की परत आत येणार नाहीस तू. नोकरी, खोली, सगळ्यावर पाणी. उद्या सकाळपर्यंत वाट बघू."

धाकटीनं बाळाला परत कुशीत घेतलं. तिच्या एका बाजूला बाळ होतं आणि एका बाजूला जागा, आणि सकाळपर्यंत दोन्ही राहतील अशी आशा होती. सकाळी पक्कीला कामावर बोलावणं आलं. एका मोठ्या दाराची पट्टी फाटली होती. "दुपारी येते, मग ठरवू," असं म्हणून ती गेली.

दुपारी ती परत येऊन टेकतेय तोच दारावर थाप पडली.

"दार उघडा."

वॉर्डनबाईंचा आवाज. खोलीतल्या सगळ्यांचं धाबं दणाणलं. वॉर्डनबाईंची खोली बरोबर खालच्या मजल्यावर. बाई बारीक चणीच्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि नियम म्हणजे नियम. रेडिओनं झटकन बाळावर पांघरूण ओढलं. दुसरीनं वर दोन उशा रचल्या.

"अहो, त्या उशा काढा आधी!" वॉर्डनबाई दारातूनच ओरडल्या. पक्कीनं दार उघडलं होतं आणि बाईंची नजर थेट पलंगावर गेली होती. "गुदमरेल ती!"

बाईंनी स्वतःच पुढे होऊन उशा भिरकावल्या.

"तुम्हाला... तुम्हाला कसं..." धाकटी म्हणाली.

"तुमचं बेसिन आणि माझं बेसिन एका पाइपावर आहे. आली त्या दिवसापासून रोज ऐकतेय मी हिला. नळ सोडता तोही ऐकते, आणि हिचं ते बेसूर गाणंही." रेडिओनं मान खाली घातली. "मी ऐकलं नाही म्हटलं, की मला लिहावं लागत नाही. म्हणून ऐकत नव्हते. पण काल दिवसभर आवाज नाही, आज नाही. म्हटलं, मूल हलवलं का यांनी? तर दोऱ्यांवर लंगोट वाळतायत. मग आवाज का नाही?"

त्यांनी बाळाचं झबलं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांच्या कडेला निळसर झाक होती. वॉर्डनबाईंना वैद्यकीतलं काही कळत नव्हतं, पण हे बघून कळण्यासारखं होतं. मग त्यांनी खोलीत एक श्वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय ही हवा! उघडा ती खिडकी."

पक्कीनं चिकटपट्टी ओढायला घेतली. तिनंच लावलेली, ती काही केल्या निघेना. शेवटी नखं तुटली तेव्हा निघाली.

दवाखाना जवळच होता. धाकटी बाळाला घेऊन पुढे, पक्की मागे, दोघी भर दुपारी अंगण ओलांडून फाटकातून बाहेर पडल्या. रखवालदार तोंड उघडं टाकून बघत राहिला.

लहान मुलांच्या विभागात सिस्टरनं बाळाला घेतलं, नाकातला चिकट शेंबूड बारीक नळीनं ओढून काढला, दुसरी नळी प्राणवायूची लावली. हे सगळं करता करताच तिनं विचारलं, "घरात कोणाला सर्दी, ताप, खोकला?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"नाही," पक्की म्हणाली.

दोघींनी एकदम, प्रश्न पुरा व्हायच्या आत. कपट नव्हतं त्यात. तो प्रश्न त्या सुरात आला, की जीभ आपली आपण तसं म्हणायची. धाकटीच्या ते लक्षातही आलं नाही. पक्कीच्या आलं, आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात तिला शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन.

सिस्टरचे हात थांबले. तिनं पक्कीकडे असं बघितलं की पक्कीला जागच्या जागी जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"नाही म्हणता? इथे बघा. हे एक, ते एक, त्या कोपऱ्यात ते, सगळी श्वासाला लागलेली बाळं आहेत. आणि तुम्ही त्यांच्यात उभं राहून शिंकताय? निघा बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"सिस्टर, मी मावशी आहे तिची. माझ्याशिवाय तिचं..."

"मावशी असाल नाहीतर महाराणी. बाहेर."

धाकटीचीही सर्दी पुरती गेली नव्हती. तिला मास्क मिळाला, हात कसे धुवायचे ते दाखवलं आणि आत ठेवलं, कारण ती आई होती. पक्की बाहेरच्या बाकावर बसली. पुढचे सगळे दिवस ती कामावरून सुटली, की तिथेच बसायची. आत मशीन बारीक आवाज करायचं. दार उघडलं, की पक्कीला एका पलंगाचा कोपरा आणि एक नळी दिसायची. दार मिटलं, की तेही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्या बाकावर टेकून बोलल्या, बहुधा पायच दुखत असावेत.

"विषाणू आहे. तुम्हाला झाली तीच सर्दी. तुमच्या छातीतल्या नळ्या मोठ्या, तिच्या काडीएवढ्या. जरा सूज आली, शेंबूड भरला, की बंद. औषधानं तो मरत नाही. श्वास चालू ठेवायचा, नळीनं दूध द्यायचं, आणि तिनं निभावून न्यायची वाट बघायची."

"निभावेल ना?"

"आज सांगता येत नाही." डॉक्टरीणबाई खोटं बोलत नव्हत्या, हे पक्कीला जड गेलं. "किती जण राहता खोलीत?"

"आठ."

"आठ जण खोकतात, शिंकतात, नुसतं बोलतात तरी बारीक थेंब उडतात. काही हाताला, टॉवेलला लागतात आणि हात बाळाला लागतो. काही हवेत राहतात. हवा खेळती असली तर बरेचसे निघून जातात. तुमच्या खोलीत हवा जायला-यायला काही फट होती का?"

"नव्हती," पक्की म्हणाली. "कागदसुद्धा सरकत नव्हता."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्या उठून गेल्या. पक्कीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली. तिला वाटलं, कारखान्यात आपण मालाला राखतो तसंच पोरीला राखत होतो. माल श्वास घेत नाही, एवढं आपल्या डोक्यात आलं नाही.

खोलीतल्या बायका यायच्या, पण लांब अंगणातच थांबायच्या. रेडिओ एक शब्द बोलायची नाही, तिचं ते गप्प राहणं कोणाला बघवायचं नाही. एकदा वॉर्डनबाई आल्या. पक्कीच्या शेजारी बसल्या, दोरा बांधलेला चष्मा काढून पुसत राहिल्या.

"माझ्यानं आता ऐकलं नाही असं म्हणवणार नाही," त्या म्हणाल्या. "साऱ्या कारखान्यानं बघितलंय. मला लिहावं लागलं."

"लिहा ना. आता काय त्याचं."

"तुझ्या बहिणीला नुसती समज देतील, मी बोललेय साहेबांशी. पलंग तिचाच राहील. पण एकटीनं यायचं. मूल नाही."

पक्कीनं मान डोलावली. वॉर्डनबाईंचा तिला राग आला नाही. या बाईनं कान दिला नसता तर आज बाकावर बसायचंही कारण उरलं नसतं. तरी त्यांनी आधीच, पहिल्याच आठवड्यात, वर येऊन आरडाओरडा केला असता तर? हा प्रश्न तिनं त्यांना विचारला नाही. तो विचारायचा तर आधी स्वतःला बरंच काही विचारावं लागलं असतं.

एक वेळ अशी आली, की धाकटी बाहेर आली आणि भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. बाळ श्वास घ्यायचं विसरतंय म्हणाली. सिस्टर तळपायाला टिचक्या मारून आठवण करून देतेय. पक्की उठून जवळ जायला लागली, तशी धाकटीनं हात पुढे करून तिला थांबवलं.

"नको ताई. तिथूनच."

पक्की तिथेच थांबली. लहानपणी तापात हिला कडेवर घेऊन फिरले होते, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

पण वाटाणीनं निभावलं. आधी श्वास संथ झाला. मग ओठांना रंग आला. मग नळी निघाली आणि ती आईच्या अंगाला लागून चुरूचुरू प्यायला लागली. ज्या दिवशी सोडणार होते त्या सकाळी आतून असं काही भोकाड ऐकू आलं, की बाहेर पक्की बाकावरून ताडकन उठली. सवयीनं तिची नजर आधी दाराकडे गेली, मग ती लाजली आणि परत बसली.

धाकटी बाळाला घेऊन दवाखान्याच्या अंगणात आली. तिथे एका झाडाखाली लांब बाक होता. थोड्या वेळानं गाडी यायची होती. ती सासरी चालली होती, कायमची. सासूबाईंचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता. "त्यांना चालता येत नाही आणि मला घर सोडता येणार नाही," धाकटी म्हणाली, "दोघी मिळून एक माणूस होईल."

"जागा सोडलीस मग."

"सोडली."

"वॉर्डनबाई म्हणत होत्या..."

"ठाऊक आहे काय म्हणत होत्या. मला तो पलंग नको, ताई. मी त्यावर आडवी झाले तर रोज मला ती तिथे गप्प पडलेली दिसेल. आणि आपण सगळ्या खूश झालेल्या दिसू." धाकटीनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "मला राग आहे तुझा. माझाही आहे, रेडिओचाही आहे. पण तुझा जास्त आहे, कारण मी सगळं तुझ्यावर टाकलं होतं."

"असू दे," पक्की म्हणाली. "असायलाच हवा."

दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये एका माणसाची जागा होती, तिथे ती कपड्यांची पिशवी ठेवलेली. बाळ आईच्या मांडीवर पाय झाडत होतं. इतक्या दिवसांत त्याची हनुवटी टोकदार झाली होती आणि डोळे मोठे. पक्कीला त्याला उचलावंसं इतकं वाटत होतं, की तिनं हात मांडीखाली दाबून धरले होते.

"मला घेऊ देशील?" तिनं शेवटी विचारलं.

"खोकला गेला का?"

"गेला."

धाकटीनं तिच्याकडे वळून बघितलं. रागानं नाही. नीट, निरखून बघितलं.

"हे तू मला सांगतेयस की हॉलच्या दारावर?"

पक्कीनं तोंड उघडलं. ओठांवर तयार असलेलं उत्तर तिनं गिळलं. गाडीचा हॉर्न वाजला, फाटकाशी कोणीतरी हात केला, धाकटीनं उठून पिशवी खांद्याला लावली, तरी ती उत्तरासाठी थांबली होती.

"थोडा आहे अजून," पक्की म्हणाली. "सकाळी उठल्यावर येतो."

धाकटीचा चेहरा जरा सैल पडला. ती दोन पावलं मागे सरली आणि बाळाला दोन्ही हातांनी उंच धरून मावशीकडे तोंड करून दाखवलं.

"बघून घे गं," ती बाळाला म्हणाली. "ही तुझी खोटारडी मावशी. पुढच्या वेळी घेईल तुला."

पक्की हसली. मग तिनं मान फिरवली, कोपरात तोंड खुपसलं आणि खोकली.